पाहुणे उठेपर्यंत

टँकर रोज नऊच्या सुमाराला यायचा. नेमका त्या दिवशी साडेदहाला आला, आणि पाहुणे अकराला यायचे होते.

साळूबाईनं टँकरवाल्याला, त्याच्या मालकाला आणि त्या मालकाला टँकरचं गुत्तं देणाऱ्या साहेबाला एका दमात शिव्या घातल्या आणि हंडा उचलला. सून लक्ष्मी पोळ्या लाटत होती, तिला चुलीपुढून उठवून चालणार नव्हतं. धाकटी लेक सरू न्हाऊन केस वाळवत बसली होती. आज तिलाच बघायचं होतं. लेक रामकिसन दही आणायला बिडकीनला गेला होता. म्हणजे पाण्याला जायचं कुणी, तर बासष्ट वर्षांच्या साळूबाईनंच.

दोन सालं कोरडी गेली होती. चितेगावच्या पुढं, पैठण रोडला लागून आठ-दहा घरांची वस्ती. विहिरींना तळ दिसून सहा महिने झाले होते. साळूबाईच्या नवऱ्यानं हयातीत लावलेली दोनशे मोसंबी, त्यातली निम्मी वाळून सरपणाला लागली होती. आजचं पुरण त्याच लाकडावर शिजलं होतं. बाग दिसती आहे तोवर पोरगी उजवायची, असं साळूबाईनं ठरवलं होतं, आणि तिनं ठरवल्यावर त्यात नाक खुपसायची कुणाची छाती नव्हती. स्थळही तसंच चालून आलेलं. पोरगा चितेगावच्या कंपनीत कायम, बाप नानासाहेब, घरी जमीन, दारात जीप.

फक्त एक गोष्ट झाकायची होती.

थोरली लेक मनकर्णा चार वर्षांपासून माहेरी होती. नवरा दारू पितो म्हणून आणली, असं साळूबाई सगळ्यांना सांगायची. नवरा सुपारीसुद्धा खात नव्हता. सासरच्यांनीच मनकर्णाला पोरासकट आणून सोडलं होतं, कारण पोराचं रक्त थांबत नव्हतं. बन्सी रांगायला लागला तेव्हापासून त्याच्या अंगावर निळे-काळे डाग उठायचे. दात हलला तरी दोन दोन दिवस तोंड लाल. कधी गुडघा आतल्या आत भरून यायचा आणि नारळाएवढा व्हायचा. शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं कागदावर गोल आणि चौकोन काढून समजावलं होतं. हा रोग होतो पोरांना, पण येतो आईकडून, आणि आईला तिच्या आईकडून.

"आजी, तुमच्या माहेरी होतं का कुणाला असं?"

साळूबाई ताडकन म्हणाली होती, "आमच्या घराण्यात असलं काय बी नाय. ते जावायाकडलं असंल."

तिचे दोन भाऊ असेच गेले होते. एक दात उपटल्याचं निमित्त होऊन, दुसरा बैलानं ढुसणी दिली म्हणून. दोघांचंही रक्त तिनं भांड्यानं उचललं होतं. दुसऱ्याचं नाव बन्सी. नातवाचं नाव तिनंच ठेवलं, पण ते कुणाचं, हे कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी सकाळी सातलाच तिनं मनकर्णाला पडेगावला मावशीकडं धाडलं. परत आलेली लेक घरात दिसली की पाहुण्याची बाई पहिलं तिचंच खोदून खोदून विचारती, मग एकातून एक निघतं. बन्सीला सोबत नेता येईना. त्याचा डावा गुडघा परवापासून भरला होता. मनकर्णा दारात घुटमळली.

"आई, त्याला बाजेवरून उतरू देऊ नको."

"बरं."

"अन् डोक्याला कुठं लागलं, नुसतं टेंगूळ जरी आलं, तरी थांबायचं नाय. रक्त दिसू दे नायतर न दिसू दे. तसंच उचलायचं अन् दवाखाना. डॉक्टरनं मला चारदा सांगितलंय."

"मी लेकरं काय कोंबड्यावानी सोडून वाढवली व्हय? जा, यष्टी हुकंल."

मनकर्णा गेली. दवाखान्याचं कार्ड तिच्या पिशवीत कायम असायचं. तेही तिच्याबरोबर गेलं.

टँकरला ही झुंबड. पाइप एक आणि हंडे चाळीस. साळूबाई कोपरानं वाट काढत पुढं घुसली. मागच्या वस्तीवरची एक तरणी बाई आडवी आली.

"म्हातारे, नंबर हाये माझा."

"म्हातारी असंल तुझी सासू. मी ह्या रस्त्यावर पाणी भरत व्हते तवा तुझी माय लंगोटात व्हती."

बाया हसल्या. साळूबाईनं हंडा भरला, कमरेवर घेतला, आणि आणखी दोन शब्द सुनवायचे राहिले होते म्हणून गर्रकन मागं वळली. हंड्याचा काठ कशावर तरी ठक्कन आदळला.

मागं बन्सी उभा होता. सात वर्षांचं पोर, हातात छोटा तांब्या. लंगडत लंगडत आजीला मदत करायला आलं होतं.

तो रडला नाही. नुसता खाली बसला आणि कानावर हात धरला. साळूबाईनं हंडा ठेवला, केस बाजूला सारले. कानाच्या वर लिंबाएवढा उंचवटा. कातडी फुटली नव्हती. तिनं बोटं फिरवून उजेडात धरली. कोरडी.

"लागलं का रं?"

"नाय, आज्जे. पाणी सांडलं का?"

शेजारची जैतुनबी तिच्यामागंच नंबरला होती. दोघींनी चाळीस वर्षं एका बांधावर काढलेली. ती म्हणाली, "साळू, जोरसे लगा गे बच्चे को. मनकर्णा को फोन लगा."

"तू तुझा हंडा भर, जैतुनबी. रक्त आलंय का बघ. नाय ना? मग कामून भेव घालती?"

साळूबाईला रक्त ठाऊक होतं. रक्त जमिनीवर पडतं, अंथरुणाला लागतं, धुतलं तरी निघत नाही. जे बाहेर आलंच नाही, ते रक्त कसलं?

तिनं बन्सीला कडेवर उचललं, मागच्या खोलीत बाजेवर निजवलं, टेंगळाला हळद लावून वर ओलं फडकं बांधलं.

"पाहुणे हायेत तवर आवाज करायचा नाय. मग तुला पोळी."

"दूध-तूप घालून?"

"व्हय बाबा, बुडवून."

लक्ष्मी चुलीपुढून उठून आली. हातातल्या पिठासकट तिनं फोन उचलला. "आत्याबाई, ताईला कळवू का?"

साळूबाईनं फोन तिच्या हातातून काढला आणि स्वतःच्या कमरेला खोचला. "ती बोंबलत यील अन् अंगणात तमाशा व्हईल. जेवणं होऊ दे. पाहुणे उठले की बघू."

जीप दारात आली तेव्हा रामकिसन दही घेऊन परतला होता, साळूबाईनं लुगडं बदललं होतं आणि तोंडावर पाणी मारलं होतं.

नानासाहेब मोकळा माणूस, बसल्या बसल्या बोलायला लागला. त्याची बायको आवडाबाई मात्र कमी बोलायची आणि बघायची फार. तिनं पत्रे बघितले, कोठी बघितली, बागेकडं नजर टाकली.

"मोसंबी तर वाळली की वो, विहीणबाई."

"निम्मी उभी हाये. शेताला काय, एक पाऊस पडला की हसायला लागतं. माणसानं धीर धरावा."

"अन् थोरली कुठं दिलीय म्हणला?"

"दिलीय चांगल्या घरी. कामाची माणसं, त्यांना यायला सवड झाली नाय."

सरू बाहेर आली, पाटावर बसली. पोरगा खाली मान घालून आपल्याच बोटांकडं बघत होता. नानासाहेब म्हणाला, "स्वैपाक येतो का, असलं मी इचारणार नाय. वास आलाय मला." सगळे हसले. त्या हसण्यातच मागच्या खोलीतून बारीक आवाज आला.

"आज्जे... डोकं दुखतंय."

साळूबाई एकदम मोठ्यानं म्हणाली, "लक्ष्मे, चा आण गं!" पण आवडाबाईचे कान तिखट.

"आत कोण हाये?"

"शेजारचं लेकरू. उन्हात खेळून आलंय अन् पडलंय."

पाटावर बसलेल्या सरूनं मान वर करून आईकडं बघितलं. साळूबाईनं तिच्याकडं बघितलं नाही.

जेवणं साडेबाराला बसली. साळूबाई स्वतः वाढत होती. तुपाची वाटी तिच्या हातून कुणी घेऊ शकत नसे. मध्येच मागच्या दारी खडा वाजल्यासारखा झाला. जैतुनबी उभी होती, तोंडाला पदर लावून.

"कैसा है बच्चा?"

"निजलाय."

"अगे, सर का मार है. सोने नको दे. डाक्टरकने ले जा. मेरे हबीब का टेम्पो खडा है, बोल तो बुलाती."

"जैतुनबी, घरात पाहुणे जेवतायत. तुझ्या पाया पडते, जा."

साळूबाईनं उभ्या जन्मात कुणाच्या पाया पडते असं म्हटलं नव्हतं. जैतुनबी आल्या पावली परत गेली.

पाहुण्यांना दुसरी पोळी वाढून साळूबाई आत डोकावली. बन्सी कुशीवर झोपला होता. चेहरा शांत. फडकं उचलून बघितलं, रक्त नाही. तिनं मोजल्यासारखा श्वास ऐकला आणि तिला बरं वाटलं. झोप लागली म्हणजे दुखणं उतरलं, असं तिला वाटलं, कारण तसं वाटून घ्यायला सोपं होतं.

दीडच्या सुमाराला सरूनं तिला कोठीशी गाठलं. "आई, त्याला उठवलं तरी उठंना. डोळे उघडतो अन् मिटतो. पोळी दाखवली तर नको म्हणला."

"मग निजू दे."

"बन्सी पोळीला नको म्हणला, आई."

"सरे, तुझ्यासाठीच मरमर करू लागले ना मी? आजच्या दिस तोंड उघडू नको."

जेवणं झाली. पान झालं. पाहुणे उठतील असं साळूबाईला वाटलं, पण नानासाहेबाला बाग बघायची होती. नाही म्हणता येईना. चैतातलं ऊन डोक्यावर घेऊन ती पुढं चालली. हिरव्या ओळी आधी दाखवल्या, वाळलेल्यांकडं पाठ करून उभी राहिली. मोसंबी कोणत्या सालात लावली, नवऱ्यानं रोपं कुठून आणली, हे तिनं सांगितलं. तोंड बोलत होतं, कान घराकडं होते. नानासाहेब एका झाडाखाली थांबून म्हणाला, "बाई, आमाला पोरगी पसंत हाये. तारीख धरू."

साळूबाईनं डोळे मिटून हात जोडले. तिला वाटलं, निभलं.

तेवढ्यात लक्ष्मी घराकडून धावत आली. पदर खाली लोळत होता.

"आत्याबाई, बन्सीनं उलटी केली! अन् हात कसातरीच करतोय!"

सगळेच धावले. बाजेवर बन्सीची मान एका बाजूला पडली होती. उजवा हात झटके देत होता. उलटीत काहीच नव्हतं, नुसतं पाणी. साळूबाईनं त्याला उचललं तर तो ओल्या गोणीसारखा जड लागला.

"बन्सी! ए बन्सी! माझ्या राजा!"

आवडाबाई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "शेजारचं लेकरू म्हणला ना तुमी?"

नानासाहेबानं जीप काढली. आवडाबाई आणि पोरगा वस्तीवरच थांबले. मागच्या बाकावर साळूबाई बन्सीचं डोकं मांडीवर घेऊन बसली, रामकिसननं पाय धरले. कमरेचा फोन तिनं रामकिसनच्या हातात दिला. "मनकर्णीला लाव." एवढंच म्हणाली.

चितेगावात रस्त्यावर जो पहिला दवाखाना दिसला, तिथं नानासाहेबानं जीप थांबवली. डॉक्टर तरुण होता.

"काय झालं?"

"ऊन लागलंय जी," साळूबाई म्हणाली. नानासाहेब तिच्या खांद्याशीच उभा होता.

"उलटी किती वेळा?"

"एकदाच."

डॉक्टरनं सुई भरली. "कुशीवर वळवा, कंबरेत देतो. उलटी थांबेल."

साळूबाईनं सुई बघितली. मनकर्णानं हजारदा सांगितलेलं होतं, त्याला मासात सुई द्यायची नाही, तिथंच गाठ भरते. डॉक्टरनं कापसानं पुसलं. नानासाहेबाचा श्वास तिच्या मानेला लागत होता. तिनं डॉक्टरचं मनगट धरलं.

"सुई नका देऊ."

"का?"

"त्याचं रक्त थांबत नाय. जन्मापासून. मोठ्या दवाखान्यात नाव हाये त्याचं. हा माझ्या लेकीचा पोरगा हाये."

डॉक्टरनं सुई खाली ठेवली. त्याचा आवाज बदलला. "डोक्याला लागलंय का?"

"व्हय."

"कधी?"

"सकाळी. साडेदहाला."

डॉक्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. तीनला दहा कमी होते. मग त्यानं बन्सीच्या पापण्या वर करून बॅटरी मारली, आणि एक डोळा बघून झाल्यावर दुसरा दोनदा बघितला.

"एक बाहुली मोठी झालीय. डोक्यात रक्त साठतंय. आजी, मी इथं काहीच करू शकत नाही. एक मिनिट थांबू नका. त्यांना गेल्या गेल्या सांगा, आधी रक्त गोठायचं औषध, फॅक्टर, द्या म्हणावं."

जीप परत रस्त्याला लागली. नानासाहेब हॉर्नवरून हात काढत नव्हता. कंपन्यांच्या बसेस, उसाचा ट्रॅक्टर, सगळ्यांना बाजूला सारत तो निघाला. नक्षत्रवाडी आली. मग पुढं बघत तो बोलला.

"साडेदहा म्हणला तुमी."

"व्हय."

"आमी अकराला आलो."

"व्हय."

"मी दोनदा पोळी मागून घेतली, बाई."

मांडीवर बन्सी घोरल्यासारखा आवाज करत होता. कांचनवाडीच्या पुढं रस्ता खोदलेला. प्रत्येक खड्ड्याला ती त्याचं डोकं दोन्ही हातांनी उचलून धरायची, आणि पुढचा खड्डा येईपर्यंत तसंच धरून ठेवायची. हाताला मुंग्या आल्या, तरी खाली घेतलं नाही.

दवाखान्याच्या फाटकात मनकर्णा उभी होती. पडेगावहून ती त्यांच्या आधी पोचली होती. पायात एकच चप्पल. हातात कार्ड. जीप थांबायच्या आत तिनं दार उघडलं आणि पोराला खेचून घेतलं.

"किती वाजता?"

"साडेदहा," रामकिसन म्हणाला.

"कसं?"

"पडला असंल, ताई. मी नव्हतो तिथं."

"माझ्याकडून लागलं," साळूबाई म्हणाली. "टँकरवर मी वळले अन् माझा हंडा लागला."

मनकर्णानं आईकडं बघितलं. वळली आणि आत पळत सुटली.

कार्ड बघितल्यावर आतली माणसं वाऱ्यासारखी हलली. आधी शिरेतून औषध, मग डोक्याचा फोटो. फोटोत कवटीच्या आत डाव्या बाजूला काळसर-पांढरी चकती दिसली म्हणे, भाकरीच्या तुकड्याएवढी. डोकं उघडावं लागणार होतं. कागदावर मनकर्णानं सही केली. साळूबाई मागं उभी राहून तिच्या हाताकडं बघत होती.

ऑपरेशनला नेल्यावर बाहेरच्या फरशीवर एक डॉक्टरीणबाई वही घेऊन आली. वय, गाव, आधी काय काय झालं, सगळं लिहून घेतलं. मग तेच विचारलं.

"आईच्या बाजूनं कुणाला होतं असं?"

मनकर्णा म्हणाली, "नाय. वडलांकडून आलंय."

"तसं होत नाही, ताई. मुलाला तरी हा रोग वडलांकडून येत नाही."

साळूबाई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "माझे दोन भाऊ. अन् माझ्या आईचा भाऊ एक. सगळे रक्तानं गेले."

डॉक्टरीणबाई लिहायला लागली. मनकर्णा हळूहळू आईकडं वळली.

"तू म्हणली व्हतीस, जावायाकडलं हाये."

"व्हय."

"मी त्यांना तेच बोलले. त्यांच्या आईला बोलले. तुमचंच रक्त सडकं हाये, माझ्या लेकराला लावलं, असं उभ्या गल्लीत बोलले मी. त्याच्यावरनंच फाटलं आमचं. तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"चार वर्षं?"

साळूबाईनं मान हलवली. डॉक्टरीणबाईनं वहीवरून डोळे न काढता मनकर्णाला विचारलं, तुम्हाला बहीण आहे का. असेल तर लग्नाआधी तिचंही रक्त तपासून घ्या, घाबरायचं कारण नाही, पण माहीत असलेलं बरं. ती बोलत होती तेव्हा नानासाहेब जिन्याशी उभा होता. तो गेलाच नव्हता. त्यानं सगळं ऐकलं.

डॉक्टरीणबाई गेल्यावर तो जवळ आला. टोपी हातात होती.

"बाई, मी निघतो. घरची माणसं तुमच्या वस्तीवर हायेत."

साळूबाई उठायला लागली. तो म्हणाला, "बसा. एक सांगतो, मनात ठेवणार नाय. रोगाचं मला आधी सांगितलं असतं तर मी घरी इचारलं असतं. माझ्या चुलतीला फिट येत व्हती, तिला बी आमी नांदवली. रोगाला कोण काय करील? पर लेकरू आत मरायला लागलंय अन् तुमी मला बाग दाखवू लागल्या. त्या घरची पोरगी मी कशी नेऊ? उद्या माझ्या घरात काय झालं तर ती बी झाकूनच ठेवील ना?"

"माझी सरू तशी नाय," साळूबाई म्हणाली. "तिनं मला दोनदा सांगितलं. मीच तिचं तोंड दाबलं."

नानासाहेबानं टोपी डोक्यावर ठेवली. "लेकरू जगू दे," म्हणाला आणि जिना उतरला. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर बन्सीच्या उलटीचा डाग होता. जीपमध्ये चढवताना त्यानंही हात लावला होता.

चार दिवस बन्सीनं डोळे उघडले नाहीत. नळ्या, पट्ट्या, सकाळ-संध्याकाळ औषध. मनकर्णा आतच असायची. साळूबाई बाहेर, जिन्याच्या खालच्या पायरीवर. तिला आत जायला कुणी मनाई केली नव्हती. पण पहिल्या दिवशी ती दाराशी गेली तेव्हा मनकर्णा दारात येऊन उभी राहिली होती, तेवढं पुरे होतं. जैतुनबी हबीबच्या टेम्पोतून भाकरी घेऊन आली. सरूही आली. तिनं आपल्या आपण जाऊन दंड पुढं केला आणि तपासायला रक्त दिलं. निकालाला वेळ होता. साळूबाईनं विचारलं, "दुखलं का?" सरू म्हणाली, "नाय," आणि आईच्या शेजारी पायरीवर बसून राहिली. स्थळाचं कुणीच काढलं नाही.

पाचव्या दिवशी बन्सीनं डोळे उघडले. बघत होता, पण कुणाकडं ते कळत नव्हतं. बोलत नव्हता. उजवा हात उचलत नव्हता. बोलेल का, हात हलवेल का, विचारलं तर डॉक्टर म्हणायचे, थांबा, लहान मेंदू आहे, थांबावं लागेल. थांबा हा शब्द ऐकला की साळूबाई जिन्याकडं चालू लागायची.

सातव्या दिवशी दुपारी मनकर्णा बाहेर आली. भिंतीला धरून चालत होती. सात दिवसांत तिनं पाठ टेकली नव्हती. आईच्या पुढं उभी राहिली, पण बघत होती खिडकीकडं.

"घटकाभर पडते मी. तिथंच, खाटंखाली. तू बस त्याच्यापाशी."

साळूबाई उठली. गुडघे वाजले.

"डोक्याला हात लावू नको."

"नाय लावत."

"अन् काय बी वाटलं—"

"उठवते."

वॉर्डात दोन्ही बाजूंनी खाटा, खाटांभोवती माणसं, कुणी केळी सोलतंय, कुणी पंखा हलवतंय. मनकर्णा खाटेखाली चटईवर आडवी झाली आणि पडल्या पडल्या झोपली. साळूबाई स्टुलावर बसली. दोन्ही हात मांडीवर, एकात एक धरलेले, जणू कुणी बांधून ठेवलेत. बन्सीच्या डोक्याला पांढरं बांधलं होतं. चेहरा एवढासा झाला होता. ती त्याच्या छातीकडं बघत होती. वर, खाली. वर, खाली. एकदा तिची पापणी लवली तर तिला वाटलं, एक श्वास हुकला.

बन्सीचं अंग दचकलं. घशातून आवाज आला. परत दचकलं.

"मनकर्णे! ऊठ! मनकर्णे! अवो, डॉक्टर! सिस्टर! पळा वो, पळा!"

सगळा वॉर्ड उभा राहिला. मनकर्णाचं डोकं खाटेच्या लोखंडाला लागलं, तशीच ती बाहेर आली. सिस्टर टेबलावरून उठून धावली, वाकली, बघितलं, आणि सरळ उभी राहून कमरेवर हात ठेवला.

"आजी, उचकी लागलीय त्याला."

कुणीतरी फिसकन हसलं. मग शेजारच्या खाटेवरची बाई हसली, तिचा नवरा हसला. "आजीनं तर आमचाच जीव काढला," कुणी म्हणालं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं झालं असतं तर साळूबाईनं सगळ्या वॉर्डाची सात पिढ्यांची कुंडली मांडली असती. तिनं सिस्टरचा हात धरला.

"हसा बाई, किती बी हसा. पर बघा एकदा. डोळे बघा त्याचे."

सिस्टरनं उसासा टाकला, खिशातून बॅटरी काढली, एक पापणी वर केली, मग दुसरी. बन्सीनं उजेडाला तोंड वाकडं केलं.

"दोन्ही बाहुल्या सारख्या. चांगलं आहे. बसा आता."

सिस्टर गेली. माणसं आपापल्या केळ्यांकडं, पंख्यांकडं वळली. मनकर्णा कपाळ चोळत उभी होती. परत खाटेखाली गेली, आडवी झाली, आणि ह्या वेळी तोंड आईच्या पायाकडं करून झोपली.

साळूबाई स्टुलावर बसली. हात परत एकात एक धरले. छाती वर, खाली.

थोड्या वेळानं बन्सीला परत उचकी लागली.

साळूबाई परत उठली.